तलावाखालची खाण आणि नाबोथची सुनावणी

सृष्टीकाळानिमित्त अभ्यासलेख



१ सप्टेंबर ते ४ ऑक्टोबर हा काळ ख्रिस्तसभेत सृष्टीकाळ म्हणून पाळला जातो. शेवटचा दिवस असिसीकर संत फ्रान्सिस ह्यांच्या सणाचा. दरवर्षी ह्या दिवसांत आपण रोपे लावतो, मुलांची चित्रकला स्पर्धा घेतो, मिस्सामध्ये पावसासाठी प्रार्थना करतो. ते ह्या वर्षीही चालूच राहील. पण अभ्यासासाठी आम्ही थोडा अवघड विषय निवडला आहे. एखाद्या तलावाखालचे किंवा तलावाच्या काठचे खनिज काढायचे ठरते, तेव्हा सरकार लोकांना विचारते. ते कसे विचारते, उत्तर कोण देते आणि ते उत्तर पुढे कुठे जाते?

हा विषय आम्हाला एका घरातल्या भांडणावरून सुचला. आपल्या धर्मग्रामातल्या एका गावी पाझर तलावाच्या जवळ खडीची खाण मागितली गेली. गावाचे नाव आम्ही देत नाही, कारण दोन्ही बाजूंना आपलीच माणसे आहेत. मुलगा क्रशरवर कामाला जातो, शनिवारी रोख पगार घेऊन येतो. आई त्याच तलावाच्या खालच्या अंगाच्या विहिरीवरून पाणी आणते. सायंप्रार्थनेला जमलेल्या बायकांनी सांगितले की त्या ग्रामसभेला गेल्या होत्या, वहीवर सह्या आणि अंगठे केले, चहा घेतला आणि घरी आल्या. काही आठवड्यांनी कळले की खाणीचा ठराव सर्वानुमते मंजूर झाला आहे. विषय वाचून दाखवला होता का, असे आम्ही विचारले. "दाखवला असेल, माइक चालत नव्हता," असे उत्तर मिळाले.

त्या संध्याकाळी जुन्या करारातील नाबोथची गोष्ट पुन्हा वाचली, आणि ती आम्हाला पूर्वी वाचली होती तशी वाटली नाही.

नाबोथला कसे बोलावले गेले

पहिले राजे, अध्याय २१ सर्वांच्या ओळखीचा आहे. इज्रेल गावात नाबोथचा द्राक्षमळा अहाब राजाच्या वाड्याला लागून होता. राजाला तिथे भाजीपाला लावायचा होता. त्याने नाबोथला बदल्यात चांगला मळा किंवा रोख किंमत देऊ केली. म्हणजे आजच्या भाषेत मोबदला द्यायला तो तयार होता. नाबोथ नाही म्हणाला, कारण मळा वाडवडिलांचे वतन होते आणि ते विकणे त्याला देवासमोर बरोबर वाटत नव्हते. राजा रुसून भिंतीकडे तोंड करून झोपला. जेवला नाही.

आपण प्रवचनात बहुधा इथून उडी मारून एलीया संदेष्ट्याच्या शापाकडे जातो. पण मधला भाग थांबून वाचण्यासारखा आहे. ईजबेल राणीने नाबोथवर मारेकरी घातले नाहीत. तिने राजाच्या नावाने पत्रे लिहिली, त्यांवर राजमुद्रा केली आणि ती गावच्या वडीलधाऱ्यांना पाठवली. उपवासाचा दिवस जाहीर करायचा, सभा बोलवायची, नाबोथला लोकांसमोर मानाच्या जागी बसवायचे, आणि समोर दोन साक्षीदार उभे करायचे. दोनच का? कारण मोशेच्या नियमशास्त्राप्रमाणे एका साक्षीवर कोणाला दोषी धरता येत नव्हते. नोटीस निघाली, सभा भरली, साक्षी झाल्या, गावचे पुढारी हजर होते. कायद्याच्या कागदावर एकही रकाना रिकामा नव्हता. आणि त्या दिवशी सायंकाळपूर्वी नाबोथ गावाबाहेर दगडांखाली मेलेला होता.

पवित्र शास्त्रात ह्यापेक्षा नीटनेटकी जाहीर सभा आम्हाला तरी दुसरी सापडत नाही. निर्णय आधी झाला होता आणि सभा नंतर झाली, एवढाच तिच्यात दोष होता.

गोव्यातील मुळगाव

आता आपल्या काळातील एक प्रकरण पाहू. गोव्यात डिचोली तालुक्यात मुळगाव, शिरगाव, मये, लामगाव अशी गावे एकमेकांना लागून आहेत. मये गावाचे तळे पाहायला सहली जातात. ह्या गावांच्या पोटात लोहखनिज आहे आणि पोर्तुगीज काळापासून ते काढले गेले. गैरव्यवहारांची चौकशी झाल्यावर २०१२ साली गोव्यातल्या खाणी बंद पडल्या. मधे त्या काही काळ सुरू झाल्या, पण सर्वोच्च न्यायालयाने ७ फेब्रुवारी २०१८ रोजी ८८ खाणपट्ट्यांचे नूतनीकरण रद्द केले, आणि मार्च २०१८ पासून काम पुन्हा थांबले. मग कायद्याप्रमाणे नवे लिलाव झाले. डिसेंबर २०२२ मध्ये पहिला मोठा गट, म्हणजे डिचोलीचा सुमारे ४७८ हेक्टरांचा पट्टा, वेदांता कंपनीला मिळाला.

४७८ हेक्टर म्हणजे जवळजवळ बाराशे एकर. नकाशावर कंपासने रेघ ओढली की त्या रेघेच्या आत डोंगर येतो, तशीच घरे येतात, देवळे येतात, भातशेते येतात आणि तळीही येतात. मुळगावच्या लोकांचे म्हणणे नेमके हेच होते. ऑगस्ट २०२३ मध्ये जनसुनावणी झाली. जानेवारी २०२४ मध्ये पर्यावरण मंजुरी मिळाली, आणि त्याच वर्षी खाण सुरू झाली. घरे, देवळे, शेते आणि तळी पट्ट्याच्या हद्दीबाहेर काढा, ही मुळगावकरांची मागणी त्यानंतरही चालूच राहिली.

इथे न्यायाने दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. खाणी बंद पडल्यामुळे गोव्यात ट्रक घेतलेल्यांचे हप्ते थकले, बार्ज उभे राहिले, वर्कशॉप आणि खानावळी बंद झाल्या. खाण सुरू व्हावी म्हणणारा प्रत्येक माणूस विकला गेलेला नसतो. आपल्या गावातल्या क्रशरवरच्या मुलासारखा तोही कोणाचा तरी कर्ता मुलगा असतो.

आमच्या मते मुळगावच्या प्रकरणात महत्त्वाची गोष्ट क्रमाची आहे. हद्द आधी आखली गेली, लिलाव आधी झाला, बोली आधी लागली, आणि लोकांना विचारणे त्यानंतर आले. तळे हद्दीच्या आत असावे की बाहेर, हा प्रश्न रेघ ओढण्यापूर्वी विचारला असता तर एका पेन्सिलीचे काम होते. लिलावानंतर तोच प्रश्न कोट्यवधी रुपयांचा होतो.

पाणी कुठून कुठे जाते

तळे हद्दीत असले म्हणून कंपनी काही तळ्यातच पहार मारणार नाही, मग लोक का घाबरतात, असे कोणी विचारेल. गोव्यात जांभ्या दगडाखाली जे भुसभुशीत लोहखनिज असते, तेच पाणी धरून ठेवते. खनिज आणि पाणी एकाच थरात. खाण खोल गेली की खड्ड्यात पाणी येते. काम चालावे म्हणून ते पंपाने उपसावे लागते. रात्रंदिवस उपसा चालला की आजूबाजूच्या विहिरींचे पाणी उताराने खड्ड्याकडे वळते. शेजारच्या शिरगावात विहिरी आटल्याची तक्रार लोकांनी उच्च न्यायालयापर्यंत नेली होती.

आपल्या नांदेड-लातूर भागात बहुतेक ठिकाणी काळा पाषाण आहे. ह्या अखंड दगडात पाणी मुरत नाही. ते राहते वरच्या मुरमात आणि दगडाच्या दोन थरांमधल्या भेगांत. म्हणूनच आपल्याकडे एका बांधाच्या अलीकडची विहीर भरलेली आणि पलीकडची कोरडी असते, आणि बोअर मारणारा पाणाड्याला नारळ दाखवायला लावतो. १९७२ च्या दुष्काळानंतर रोजगार हमीच्या कामांवर आपल्या आजी-आजोबांनी डोक्यावर टोपल्या वाहून जे पाझर तलाव बांधले, त्यांचा उद्देश पाणी साठवून दाखवण्याचा नव्हता. पाणी झिरपावे आणि खालच्या विहिरींना पोचावे ह्यासाठी ते बांधले गेले. आता अशा तलावाजवळ त्याच्या तळापेक्षा खोल खड्डा खणला आणि दोघांमधून एकच भेग जात असेल, तर झिरपणारे पाणी विहिरीऐवजी खड्ड्यात जाईल. भेग जात नसेल तर काहीच होणार नाही. जाते की नाही हे तुम्ही-आम्ही डोळ्यांनी सांगू शकत नाही, आणि कंत्राटदारही सांगू शकत नाही. ते पाहण्यासाठी भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा आहे. तिचा अहवाल मागणे हा विरोध नव्हे. आधी मोजा, मग ठरवा, एवढेच त्यात म्हटलेले असते.

थेट पाण्याखाली खणण्याची उदाहरणे जगात आहेत. अमेरिकेतील लुईझियाना राज्यात पेन्यूर नावाचे उथळ तळे होते, आणि त्याच्याखाली मिठाची खाण. २० नोव्हेंबर १९८० रोजी तेलासाठी तळ्यात भोक पाडणाऱ्या यंत्राचे पाते खाणीच्या पोकळीपर्यंत गेले. न्हाणीघराची मोरी उघडावी तसे सगळे तळे खाली ओढले गेले, त्याबरोबर बार्ज आणि काठची जमीनही गेली. खाणीत त्या वेळी ५५ कामगार होते आणि देवाच्या कृपेने सगळे वर आले. ब्राझीलमध्ये मासेयो शहराखालून आणि तिथल्या खाजणाखालून अनेक वर्षे मीठ काढले गेले. २०१८ मध्ये घरांना तडे गेले, पुढे सुमारे ६०,००० लोकांना घरे सोडावी लागली आणि १० डिसेंबर २०२३ रोजी खाजणाखालची एक पोकळी ढासळली. आपल्या देशात धनबादजवळ चासनाला येथे २७ डिसेंबर १९७५ रोजी कोळशाच्या खाणीत वरच्या जुन्या, पाण्याने भरलेल्या भागातून पाणी घुसले आणि ३७५ माणसे बुडाली. वडीलधाऱ्यांनी 'काला पत्थर' चित्रपट पाहिला असेल. तो ह्याच घटनेवरून सुचलेला.

म्हणूनच आपल्या देशाच्या कोळसा खाणींच्या विनियमांत नदी, कालवा, तलाव ह्यांच्या बरोबर खाली किंवा काठापासून १५ मीटरांच्या आत काम करण्यास मनाई आहे. अधिकाऱ्याची लेखी परवानगी असेल तरच तो अपवाद. कायदा आधी नाही म्हणतो आणि मग कारण विचारतो. हा क्रम लक्षात ठेवण्यासारखा आहे.

आपली जमीन, आपले पाणी

लातूरकरांना पाण्याचे मोल वेगळे सांगायला नको. धनेगावचे मांजरा धरण आटले, मार्च २०१६ मध्ये शहरात पाणी भरण्याच्या जागांभोवती जमावबंदी लावावी लागली आणि एप्रिलमध्ये मिरजेहून सुमारे साडेतीनशे किलोमीटर अंतर कापून रेल्वेने पाणी आले. नांदेडकर विष्णुपुरीच्या पाण्यावर जगतात. कंधारचा जगत्तुंग सागर राष्ट्रकूटांच्या काळाचा, म्हणजे हजारएक वर्षांपूर्वीच्या माणसांनी पुढच्यांसाठी ठेवलेला. जुने लोक तलावाला गावाची तिजोरी म्हणत, ते उगाच नव्हे.

एक सावधगिरीही सांगतो. येत्या ३० सप्टेंबरला किल्लारीच्या भूकंपाचा स्मृतिदिन आहे. १९९३ सालच्या त्या पहाटे लातूर आणि उस्मानाबाद जिल्ह्यांत सात हजारांहून अधिक माणसे गेली. आपल्या समूहांतही त्या रात्री आईवडील गमावलेले लोक आहेत. खाणीचा विषय निघाला की कोणीतरी म्हणतेच, सुरुंग लावले तर पुन्हा किल्लारी होईल. भीती आम्हाला समजते. पण खडीच्या खाणीमुळे असा भूकंप होतो ह्याला आधार नाही. निवेदनात आधार नसलेले एक वाक्य घातले की ते वाचणारा साहेब तेवढेच दाखवून बाकीची नऊ खरी वाक्येही बाजूला ठेवतो. सुरुंगाने घराला गेलेला तडा, धुळीने काळवंडलेली तूर, आटलेली विहीर, तुटलेला रस्ता ही खरी वाक्ये आहेत. तेवढी पुरेत. नाबोथविरुद्ध खोटी साक्ष झाली होती. नाबोथच्या बाजूनेही खोटी साक्ष चालणार नाही.

आणखी एक गोष्ट पुष्कळांना ठाऊक नसते. सातबारा तुमच्या नावावर असला तरी खालचे खनिज तुमचे नसते. महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियम, १९६६ च्या कलम ४८ प्रमाणे खनिजावर राज्य सरकारचा हक्क आहे. नाबोथला निदान मळा खालपासून वरपर्यंत आपला वाटत होता. आपल्याला तसे म्हणता येत नाही, म्हणून विचारले जाण्याचा हक्क आपल्यासाठी अधिकच मोलाचा.

विचारण्याची रीत

मोठ्या खाणींसाठी १४ सप्टेंबर २००६ ची केंद्र सरकारची अधिसूचना आहे. तिच्याप्रमाणे प्रकल्पाचा परिणाम सांगणारा मसुदा अहवाल, ज्याला अधिकारी ईआयए म्हणतात, तो तयार झाल्यावर प्रदूषण नियंत्रण मंडळ जनसुनावणी घेते. निदान ३० दिवस आधी वर्तमानपत्रांत नोटीस यावी लागते, त्यांतले एक प्रादेशिक भाषेतले. अहवालाचा गोषवारा स्थानिक भाषेत मिळाला पाहिजे आणि तो जिल्हाधिकारी कार्यालय, जिल्हा परिषद, ग्रामपंचायत अशा ठिकाणी वाचायला ठेवला पाहिजे. सुनावणी प्रकल्पाच्या जागी किंवा अगदी जवळ व्हावी. अध्यक्ष जिल्हाधिकारी किंवा अपर जिल्हाधिकाऱ्याच्या खाली नसलेला अधिकारी. हजर असलेल्या प्रत्येकाला बोलण्याचा आणि खुलासा मागण्याचा अधिकार. सगळ्याचे चित्रीकरण होते. आणि सभा संपण्यापूर्वी कोण काय बोलले त्याचा गोषवारा स्थानिक भाषेत लोकांना वाचून दाखवावा लागतो.

ह्या शेवटच्या नियमाकडे फार थोडे लोक लक्ष देतात. भाषणे झाली, टाळ्या झाल्या, घोषणा झाल्या की मंडप रिकामा होतो. गोषवारा वाचायला अधिकारी उभा राहतो तेव्हा समोर खुर्च्या आवरणारी मुले असतात. पुढे दिल्ली-मुंबईच्या समितीपुढे जाते ते हेच कागद. तुमचे तासाभराचे भाषण जात नाही. चित्रफीत असते, पण फाइल वाचणारा आधी कागदच वाचतो.

शिवाय ही सुनावणी म्हणजे मतदान नव्हे. हजार लोकांनी हात वर करून नाही म्हटले म्हणून खाण आपोआप थांबत नाही. गणसंख्येची अटही नाही. दहाच माणसे आली तरी सुनावणी झालीच असे धरले जाते. म्हणून बहिष्कार घालण्यापूर्वी दहा वेळा विचार करावा असे आमचे मत आहे, जरी बहिष्कार घालणाऱ्यांचा राग आम्हाला कळतो. नियम पाळला आणि हेतू हरवला असेही होते. गडचिरोली जिल्ह्यातील सुरजागड खाण एटापल्ली तालुक्यात आहे, पण तिच्या विस्ताराची सुनावणी ऑक्टोबर २०२२ मध्ये शंभर किलोमीटरहून दूर गडचिरोली शहरात झाली. जंगलातल्या बाईने मजुरी बुडवून एवढ्या लांब यायचे कसे?

आपल्या भागातल्या खडीच्या आणि मुरमाच्या खाणी बहुतेक लहान असतात. २०१६ च्या दुरुस्तीने ५ हेक्टरांपर्यंतच्या एकट्या पट्ट्याला जनसुनावणीतून सूट दिली. राष्ट्रीय हरित लवादाने २०१८ मध्ये त्या सवलतींना हरकत घेतली, पण आपल्या गावी मंडप घालून जनसुनावणी होण्याचा प्रसंग विरळाच. आपल्या वाट्याला दोन दारे येतात. पहिले ग्रामसभा. किनवट-माहूर भागातल्या अनुसूचित क्षेत्रातील गावांना तर १९९६ च्या पेसा कायद्याने विशेष हक्क आहे: ग्रामसभेची किंवा योग्य स्तरावरच्या पंचायतीची आगाऊ शिफारस असल्याशिवाय गौण खनिजाचा पट्टा देता येत नाही. दुसरे दार कोणी उघडून पाहत नाही. प्रत्येक जिल्ह्याचा एक खनिज सर्वेक्षण अहवाल तयार होतो. वाळू कुठे, खडी कुठे, किती काढायची, हे त्यात असते. त्याचा मसुदा जिल्हाधिकारी कार्यालयात आणि जिल्ह्याच्या संकेतस्थळावर २१ दिवस लोकांच्या हरकतींसाठी ठेवावा लागतो. पेन्सिलीची रेघ तिथे ओढली जाते. तुमचा पाझर तलाव त्या यादीतल्या गट क्रमांकाच्या शेजारी आहे काय, हे पाहण्याची वेळ तीच.

सलाफहादच्या मुली

नाबोथच्या सुनावणीवर अभ्यास संपवला तर मन खचेल. गणना, अध्याय २७ मध्ये दुसरी एक सुनावणी आहे. सलाफहाद वाळवंटात मरण पावला. त्याला मुलगा नव्हता, पाच मुली होत्या: महला, नोआ, होग्ला, मिल्का आणि तिरसा. वतन मुलांकडेच जायचे अशी रीत. ह्या पाचजणी दर्शनमंडपाच्या दाराशी मोशे, याजक, सरदार आणि सगळ्या मंडळीसमोर उभ्या राहिल्या आणि आमच्या बापाचे नाव का बुडावे, असे त्यांनी विचारले. मोशेने त्यांना गप्प बसवले नाही आणि स्वतःच्या अकलेने निकालही दिला नाही. तो प्रश्न घेऊन देवाकडे गेला. देव म्हणाला, ह्या मुलींचे बरोबर आहे. त्यांच्यासाठी नियम बदलला, आणि पुढच्या सर्व पिढ्यांसाठी लिहून ठेवला गेला. गंमत अशी की ३६ व्या अध्यायात कुळाचे वडीलधारे आपली हरकत घेऊन येतात, आणि तीही ऐकली जाते.

दोन्ही सभा जाहीर होत्या. दोन्हीकडे पुढारी होते, लोक होते. एकीत राजमुद्रेचे पत्र आधी पोचले होते. दुसरीत मोशे आला तेव्हा उत्तर त्याच्याजवळ नव्हते.

आपल्या देशात अशी दुसरी सुनावणी होऊन गेली आहे. ओडिशात नियमगिरी डोंगरावर बॉक्साइटची खाण हवी होती. डोंगरिया कोंध लोक त्या डोंगराला देव मानतात. सर्वोच्च न्यायालयाने १८ एप्रिल २०१३ रोजी प्रश्न ग्रामसभांकडे सोपवला. भर पावसाळ्यात, जिल्हा न्यायाधीशांच्या देखरेखीखाली, १२ गावांच्या सभा झाल्या आणि बाराही गावांनी नाही म्हटले. खाण झाली नाही.

पोप फ्रान्सिस ह्यांनी २०१५ साली आपल्या सामाईक घराविषयी जे परिपत्रक काढले, त्यात ह्या सुनावण्यांबद्दल स्पष्ट शिकवण आहे. परिणामांचा अभ्यास प्रकल्पाची आखणी होऊन गेल्यावर शेपटासारखा जोडू नये, तो सुरुवातीपासून व्हावा, दडपणाशिवाय व्हावा, आणि जे लोक तिथे राहतात त्यांना त्या चर्चेत खास जागा असावी, असे ते म्हणतात. कामगारांच्या रोजगाराचा विचारही त्याच ठिकाणी करायला ते सांगतात. एल साल्वादोर ह्या लहानशा कॅथलिक देशात ख्रिस्तसभेने पुढाकार घेतला आणि मार्च २०१७ मध्ये धातूंच्या खाणींवर पूर्ण बंदीचा कायदा झाला. डिसेंबर २०२४ मध्ये तिथल्या संसदेने तो कायदा फिरवला, आणि बिशप पुन्हा सह्या गोळा करायला निघाले. एकदा मिळालेला न्याय पेटीत ठेवून कुलूप लावता येत नाही.

समूहांसाठी

ह्या आठवड्याच्या बैठकीत दोन्ही अध्याय वाचा, आधी गणना आणि मग राजे. चर्चेत क्रशरवर काम करणाऱ्या घरांना मुद्दाम बोलवा आणि त्यांना आधी बोलू द्या. खाण नको म्हणणाऱ्यांनी त्यांच्या पगाराचे काय, ह्याचे उत्तर द्यावे. खाण हवी म्हणणाऱ्यांनी मे महिन्यातल्या विहिरीचे काय, ह्याचे द्यावे. कदाचित जागा बदलून, खोली ठरवून, तलावापासून अंतर राखून दोघांचे भागेल. कदाचित भागणार नाही. पण ज्या आई-मुलावरून हा लेख सुरू झाला, त्यांनी तरी हा प्रश्न एकमेकांना अजून नीट विचारलेला नाही, असे आमच्या लक्षात आले.

२ ऑक्टोबरला गावोगावी ग्रामसभा होतील. जाण्यापूर्वी ग्रामपंचायतीच्या फलकावर लावलेली विषयपत्रिका वाचा, वाचता येत नसेल तर युवक मंडळाच्या मुलांना घेऊन जा. हरकत असेल तर एका कागदावर मराठीत लिहा: गट क्रमांक, तलावाचे नाव, विहीर किती फुटांवर आहे, मे महिन्यात तिला किती पाणी असते. दोन प्रती काढा. एक द्या आणि दुसरीवर पोच म्हणून तारीख, सही आणि शिक्का घ्या. ठराव लिहून झाल्यावर तो वाचून दाखवा म्हणा आणि वाचून होईपर्यंत उठू नका. वहीवर सही करण्याआधी पानाच्या वरची ओळ पाहा. ती हजेरीची आहे की ठरावाची हे तिथे लिहिलेले असते. वरची ओळ कोरी असेल तर ती भरून घ्या आणि मगच अंगठा लावा.